आमच्या तीन गुंठ्यांतली येळवस

हिवाळ्यात आमच्या बागेत ऊन उशिरा येतं. दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे. उन्हाळ्यात ते आडवं येत नाही, पण दिवाळी सरली की सूर्य त्या बाजूला कलतो आणि त्या घराची सावली आमच्या वाफ्यांवर अकरा वाजेपर्यंत पसरून राहते. पहिल्या हिवाळ्यात मला त्या सावलीचा राग आला होता. दुसऱ्या हिवाळ्यात मी चुन्याची फक्की घेऊन सावलीच्या कडा आखल्या. आठ वाजताची, नऊची, दहाची. मग ज्यांना ऊन कमी चालतं ती मेथी, पालक, कोथिंबीर आत सरकवली, आणि हरभरा, वाटाणा, गुलाब उन्हाच्या पट्ट्यात आणले. सावली तिथंच राहिली, पण माझा राग निवळला. बागेनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि ती मी नाखुशीनंच शिकले.

जागा तीन गुंठ्यांची आहे, आमच्या तालुक्याच्या गावाच्या, वाशीच्या कडेला. इथून टेकडीवरच्या पवनचक्क्या दिसतात. वडील शाळेत शिपाई होते. नोकरी संपत आली तेव्हा त्यांनी ही जागा घेतली. एका गुंठ्यावर घर बांधलं, उरलेली मोकळी ठेवली. आमच्या घराण्यात स्वतःच्या नावावर असलेली माती ही पहिलीच. त्याआधीच्या सगळ्यांनी दुसऱ्याच्या मातीत काम केलं. आईनंही केलं, तीस वर्षं.

वडील दिवसा शाळेची घंटा द्यायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. पाणी, मजुरी, शाळेतली गळती, दारू, कशावरही. मित्रांसोबत ती आठवडी बाजारात आणि एसटी स्टँडवर वाटायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. आमच्या घरात स्वल्पविरामाच्या आधी उद्गारचिन्ह शिकवलं गेलं. मी पुढं पदवी घेतली, दोन वर्षं पुण्यात काढली, परत आले. आता लिहिते आणि सकाळी बाग बघते. लिखाणातली उद्गारचिन्हं कमी झाली आहेत, पण डोक्यातली नाहीत.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. ते टाकीत साठवायचं आणि पुरवून वापरायचं. बागेचं पाणी माझ्याकडं आलं तेव्हा मी एक कागद लिहून टाकीवर चिकटवला : प्रत्येक वाफ्याला सहा डबे. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

वडिलांनी चष्मा वर करून तो वाचला. म्हणाले, "भाषा चांगली आहे."

आईनं कागदाकडं बघितलं आणि विचारलं, "झाडं वाचत्यात का गं?"

मागच्या दसऱ्यानंतर मी हरभरा टोकला. वाफा तसा लहान, खाटेएवढा असेल. शेजारी वाटाणा लावला. कुंपणावर पावट्याचा वेल आधीपासून होता आणि कडेला तुरीची पाच-सहा झाडं पावसाळ्यातच उभी राहिली होती. एका सकाळी मी वाफ्यातलं गवत काढत होते. आई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"औंदा येळवस आपल्यात करायची," ती म्हणाली. "अक्काला जेवायला बोलवायचं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्या भागातली गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करतात, तिथं पूजा मांडतात, ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील पितात आणि भज्जी खातात. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. त्या हंगामातले सगळे हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून, डाळीचं पीठ लावून केलेली घट्ट भाजी असते ती. ज्याचं शेत तो बोलावतो. ज्याला शेत नाही तो कुणाच्या तरी शेतात जातो.

आम्ही जायचो ते अक्कांच्या शेतात. आई त्यांच्याकडं खुरपायला, वेचायला, काढणीला असायची. अक्का आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. स्वभावानं वाईट नाहीत. माझ्या भावाला कावीळ झाली तेव्हा रोज ऊस पाठवायच्या. येळवसेला पदर खोचून स्वतः सगळ्यांना वाढायच्या आणि हात आखडता घ्यायच्या नाहीत. पण त्यांच्या घरचे आणि पाहुणे खोपीत बसायचे आणि आम्ही खोपीबाहेर, बांधाच्या बाजूला. लहानपणी मला ते दिसलंच नव्हतं. पंधराव्या वर्षी दिसलं, आणि त्यानंतर मी गेले नाही. आई दरवर्षी जात राहिली. त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. मी तेव्हा बरंच पत्रकासारखं बोलले होते.

आणखी एक गोष्ट मी लक्षात ठेवली होती. अक्का आमच्या दारात कितीतरी वेळा आल्या असतील. बाजाराला जाताना आईला हाक मारायच्या, निरोप सांगायच्या, कधी नुसत्या टेकायच्या. आई चहाचं विचारायची. उत्तर ठरलेलं, "आता नगं, आत्ताच झालाय." तीस वर्षांत अक्कांनी आमच्या घरचं पाणीही प्यालेलं मी बघितलं नव्हतं.

म्हणून मी विचारलं, "येतील का?"

"येतील की."

"आणि जेवतील?"

आईनं कुंपणावरची पावट्याची एक पिवळी शेंग तोडून हातात फिरवली. "तीस वरसं मी तिच्या शेतातलं खाल्लं," ती म्हणाली. "आता आपल्यात पिकतंय, तर एकडाव तिनं आपलं खावं. तू हरभरा नीट आण. बाजारातलं काही घालायचं न्हाय भज्जीत. समदं इथलंच पायजे."

मला हे बोलावणं पटलं नव्हतं. जो आपल्याला खोपीबाहेर बसवतो त्याला आपण होऊन का बोलवायचं? पण आईनं आयुष्यात माझ्याकडं फार थोड्या गोष्टी मागितल्या आहेत आणि हरभरा माझ्या ताब्यात होता. मी कामाला लागले.

हिवाळ्यातली बाग मला आवडते, कारण ती घाई करत नाही. कोथिंबीर उगवायलाच बारा-पंधरा दिवस घेते. गुलाबाची कळी आली तरी आठवडाभर तशीच राहते, जणू तिला कुठं जायचंच नाही. सकाळी पाल्यावर दहिवर असतं आणि वाफ्यातून नुसतं चाललं तरी परकर गुडघ्यापर्यंत ओला होतो. ढगाळ दिवस आला की पावट्याच्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. त्याच्यावर सकाळच्या ओलीतच चुलीतली राख उधळायची, म्हणजे ती चिकटते. पपईच्या रोपाला मी जुनं पोतं गुंडाळलं होतं. वडील त्याला विचारायचे, "काय साहेब, थंडी कशी काय?" त्या दिवसांत मला पुण्याची आठवण येत नसे.

हरभरा तर असा वाढला की मी त्याच्या प्रेमात पडले. गर्द, दाट, मांडीपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो दाखवायची. दर आठवड्याला सहा डबे, एकही चुकवला नव्हता.

बाजारच्या दिवशी अक्का आईला हाक मारायला आल्या आणि कुंपणाबाहेरच थांबल्या. हरभऱ्याकडं बघत राहिल्या.

"ह्याला पाणी कोण पाजतंय?"

"मी," मी म्हणाले.

"किती?"

"सगळ्यांना सारखं."

"आगं बाई," अक्का म्हणाल्या. "हरभरा दहिवरावर जगतो. काळ्या रानात एक पाणी झालं तरी लई. तू पाजून पाजून माजवलास त्याला. आता नुसता पाला येणार, घाटा धरायचा न्हाय. पाणी तोड आन शेंडे खुड, म्हंजी काहीतरी व्हईल."

सल्ला सरळ होता. शेती केलेल्या कुणीही तोच दिला असता. पण तो मला सरळ ऐकू आला नाही. शेतमालकीण कुंपणाशी उभी राहून मला सांगत होती की ह्याला पाणी लागत नाही, हा दवावर जगतो, जास्त दिलं की माजतो. ही वाक्यं मी माणसांबद्दल ऐकली होती. वडिलांच्या निम्म्या पत्रकांना मिळालेली ती उत्तरं होती. माझे कान तापले.

"आमच्याकडं पाण्याचं वाटप सारखं असतं," मी म्हणाले.

अक्कांनी आईकडं बघितलं. आई पिशवी शोधत होती.

त्या आठवड्यात मी हरभऱ्याला सहाच्या जागी आठ डबे घातले. आज सांगायला लाज वाटते, पण घातले. नंतरच्या आठवड्यात वाटाण्याला पांढरी फुलं लागली, पावटा लगडला, तुरीच्या शेंगा टचटचीत भरल्या. हरभरा मात्र आणखी दोन बोटं वाढला आणि एका बाजूला लोळला. मी वाकून, पाला बाजूला करून शोधलं. सगळ्या वाफ्यात पाच फुलं होती. फक्त पाच, जांभळट, बारीक. कोपऱ्यात एक झाड होतं, दगडाच्या आड, जिथं माझं पाणी पोचत नव्हतं. ते वीतभरच होतं, आणि त्याला शेंगा लागल्या होत्या, तीन घाटे.

आई मागं येऊन उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

वडील पायरीवर पेपर वाचत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "समान वाटप चुकलं का हो?" मी विचारलं.

"वाटप माणसांसाठी लिहिलंय, बाई," ते म्हणाले. "हरभऱ्यानं त्यावर सही केली नव्हती."

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"मी शिपाई. मला शेतीतलं काय कळतंय. तुझ्या आईला माहीत होतं."

"मग ती का बोलली नाही?"

"कागद तू लावलास. काढायचा पण तूच."

मी उठून टाकीवरचा कागद काढला. समतेवरचा माझा विश्वास त्यानं तसूभर हलला नाही. पण पालकाची गरज आणि हरभऱ्याची गरज सारखी नाही हे बघायला मी वाकलेच नव्हते. सारखं देणं सोपं होतं, म्हणून मी ते न्याय्य धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं अक्कांना बोलावून आणलं. अक्का पहिल्यांदाच आमच्या बागेत आल्या. चपला वाफ्याबाहेर काढल्या, खाली बसल्या आणि दोन्ही हातांच्या नखांनी शेंडे खुडायला लागल्या. त्यांचे हात इतके भराभर चालत होते की मला बघायलाही जमेना. "असं," एवढंच म्हणाल्या. मी शेजारी बसून तसं करायला लागले. हरभऱ्याची आंब, पानांवरची आंबट ओल, हाताला लागते, ती बोटांच्या भेगांत चुरचुरते. अर्ध्या तासात माझी बोटं पेटली. अक्कांची बोटं कशानंच पेटत नव्हती.

"उशीर झालाय," त्या म्हणाल्या. "तरी बी बघ. आता थेंब घालू नगंस. झाड वाळतंय असं वाटलं तरी घालू नगंस. त्याला जरा भ्या वाटलं, की ते फुलाला लागतंय."

खुडलेल्या कोवळ्या पाल्यानं त्यांचा पदर भरला. तो त्यांनी आईच्या पदरात ओतला.

"चहा टाकते," आई म्हणाली.

"आता नगं गं. आत्ताच झालाय."

मी आईकडं बघितलं. "बरं," आई म्हणाली, आणि त्याच आवाजात पुढं म्हणाली, "पर येळवसेला हितं जेवायचं, अक्का. जेवून येऊ नका."

अक्का चपला घालत होत्या. "माझ्या रानात पाव्हणं असत्यात त्या दिशी. बघते."

त्यानंतरचे दिवस मी काही न करण्यात घालवले. माळ्याला हे काम फार जड जातं. माती तडकली. हरभऱ्याचा गर्दपणा उतरला, खालची पानं पिवळी झाली. मी रोज डबा भरून त्याच्याजवळून न्यायची आणि पालकाला घालायची. थंडी वाढली. सकाळी टाकीत हात घातला की तो बराच वेळ आपला वाटत नसे. आणि एका सकाळी, ऊन चुन्याच्या दहाच्या रेघेपाशी होतं तेव्हा, मला फुलं दिसली. मी मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढं सोडून दिली. त्या दिवशी मी पावट्यावर राख टाकताना गुणगुणत होते असं वडील सांगतात. मला आठवत नाही.

येळवसेच्या सकाळी घाटे तोडले. सगळे सोलून दोन वाट्या दाणे निघाले. आईनं वाटी हलवून बघितली. "बास हाय," ती म्हणाली.

खोपीवरून थोडा वाद झाला. वडील म्हणाले, पूजा करायची नाही तर खोप कशाला. आई म्हणाली, "सावलीला." मग त्यांनीच कडब्याच्या पेंढ्या आणल्या आणि पपईजवळ खोप उभी केली. आत पूजा मांडली नाही. जुनी सतरंजी घातली. आईनं आंबिलीत हात बुडवून चारी कोपऱ्यांना चार थेंब शिंपडले. वडिलांनी ते बघितलं आणि पेपर वर धरला.

भज्जी बारा वाजता झाली. वाटाणा, पावटा, तूर, हरभरा, मेथी, पालक, कांद्याची पात. सजगुऱ्याच्या भाकरी, म्हणजे बाजरीच्या. एक वाजला, दोन वाजले. आमच्यातलं कुणी जेवायला बसलं नाही. मी एकदा म्हणाले, "त्या आपल्या शेतात जेवून येतील, आणि पोट भरलंय म्हणतील." आई फाटकाकडं बघत होती. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मला माझं बोलणं लगेच परत घ्यावंसं वाटलं.

तीनच्या सुमारास अक्का आल्या. काखेत हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा. "तुमच्यात घाटा कमी, म्हनून आणला," त्या म्हणाल्या. आईनं तो घेतला आणि कुंपणाला उभा करून ठेवला. "रातच्याला भाजून खाऊ," ती म्हणाली. भज्जीत तो घातला नाही.

अक्का खोपीपाशी आल्या. पातेल्याचं झाकण काढून वास घेतला, पदर खोचला आणि पळी उचलली. "आणा ताटं. बसा समदी. वाढते."

त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. येळवसेला त्यांचा हात आपोआप पळीकडं जात असेल. पण मला दिसलं की वाढणारी बाई उभीच राहील, सगळ्यांचं होईल, मग उशीर होईल, मग त्या जातील. आईलाही ते दिसलं. ती पुढं झाली आणि तिनं अक्कांच्या हातातून पळी काढून घेतली. हळूच, पण काढून घेतली.

"तुमी बसा, अक्का," ती म्हणाली. "हितं मी वाढते."

अक्का क्षणभर मोकळे हात घेऊन उभ्या राहिल्या. मग खोपीत वाकून गेल्या आणि सतरंजीवर बसल्या. आईनं त्यांच्यापुढं ताट मांडलं, मग वडिलांचं, माझं आणि त्याच ओळीत स्वतःचं. अक्कांनी आधी आंबिलीचा पेला उचलला. अर्धा प्याल्या.

"गोडच ऱ्हायली गं."

"थंडीनं आंबली न्हाय."

"चुलीपशी ठिवायची व्हती."

"ठिवली व्हती. रातभर ठिवली."

"मग ताकच ताजं आसंल तुझं." अक्कांनी पेला संपवला आणि भाकरी मोडली. त्या भराभर खात होत्या, वर न बघता. तेव्हा मला कळलं.

"रानात जेवला नाहीत?" मी विचारलं.

"वीस जणास्नी वाढलं आन आले. तुझ्या मायनं सांगितलं व्हतं न्हवं, जेवून येऊ नका म्हनून."

आईनं अर्धी भाकरी अक्कांच्या ताटात टाकली. मी गप्प बसायला हवं होतं. घास माझ्याही तोंडात होता, आणि तो चांगला लागत होता. पण जे पंधराव्या वर्षी विचारायचं राहिलं ते मी तेव्हा विचारलं.

"अक्का, तुमच्या शेतात आम्ही खोपीबाहेर का बसायचो?"

वडिलांचा हात थांबला. अक्कांनी घास गिळला.

"सासू व्हती माझी," त्या म्हणाल्या. "तिच्याफुडं कुनाचं चालत नव्हतं. मग ती सवयच पडली."

"सासू जाऊन किती वरसं झाली?" आईनं विचारलं. भज्जी ढवळता ढवळता, सहज.

"बारा."

"लई टिकली मग सवय."

अक्का आईकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "व्हय," त्या म्हणाल्या. "टिकली खरी. माझंच चुकलं त्ये."

मला वाटलं होतं हे वाक्य ऐकल्यावर मी काहीतरी म्हणेन. बरीच वर्षं तयार करून ठेवलेलं होतं. पण ऊन खोपीच्या तोंडाशी आलं होतं, आई माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती, आणि अक्कांनी रिकामं ताट पुढं सरकवलं होतं.

"वाढ," त्या म्हणाल्या. "दाणं दाणं बघून वाढ. नुसता पाला नगं."

आईनं पळी तळापर्यंत घातली.